पाचोळ्याखालची शिकारीण : प्रस्तावना

मुंगी म्हटलं की डोळ्यांसमोर रांग येते. साखरेच्या डब्याला लागलेली, तुळशीच्या कुंडीवरून उतरणारी, नाहीतर मेलेल्या झुरळाला ओढत नेणारी. ही पुस्तिका जिच्याविषयी आहे ती मुंगी रांग धरत नाही, साखरेकडे फिरकत नाही आणि घरात सहसा येत नाही. लांबी बहुधा दोन-अडीच मिलिमीटर, रंग मातकट पिवळा ते तांबूस तपकिरी. चाल इतकी संथ की पांढऱ्या कागदावर टाकली तरी तो मातीचा कण नाही हे कळायला थोडं थांबावं लागतं. धक्का लागला तर पाय आवळून निपचित पडून राहते. तिचं शास्त्रीय नाव स्ट्रुमिजेनिस. मुलांना हिच्याबद्दल सांगू लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, चावते का?’ नांगी आहे, पण ती आपल्यासाठी नाही. ज्याच्यासाठी आहे तो प्राणी तिच्याहूनही लहान असतो आणि या सगळ्या कथेचं मूळ त्याच्यातच आहे.

अंगाने एवढीशी असली तरी तिचा पसारा मोठा आहे. फ्रेडरिक स्मिथ या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १८६० मध्ये ही प्रजाती स्थापन केली. आज तिच्यात साडेआठशेहून अधिक जाती मोजल्या जातात. (या पुस्तिकेत ‘प्रजाती’ हा शब्द जीनससाठी आणि ‘जाती’ हा स्पीशीजसाठी वापरला आहे, वर्तमानपत्री वापराशी तो जुळेलच असं नाही.) साऱ्या जगातल्या मुंग्या घेतल्या तरी इतक्या जाती असलेल्या प्रजाती हाताच्या बोटांवर मोजता येतील. समशीतोष्ण देशांतही हिच्या काही जाती आहेत, पण खरी गर्दी उष्ण कटिबंधात, आणि तिथेही जंगलाच्या जमिनीवरच्या दोन-चार बोटं जाडीच्या थरात. हिमेंदर भारती, बेनोआ गेनार, मीनाक्षी भारती आणि इव्हान इकॉनॉमो यांनी २०१६ मध्ये भारतातल्या मुंग्यांची राज्यवार यादी प्रसिद्ध केली. तिच्यात १०० प्रजाती आणि ८२८ जाती-उपजाती आहेत. त्यांतल्या २५६ भारताबाहेर कुठेच सापडलेल्या नाहीत. आपल्याकडे स्ट्रुमिजेनिसवरचं बहुतेक काम मात्र दक्षिण सह्याद्री, हिमालय आणि ईशान्य भारत इथल्या ओल्या जंगलांत झालं. ते साहजिकच आहे. ज्याला पाचोळ्यातले जीव हवेत तो आधी जिथे पाचोळा बारा महिने ओला असतो तिथे जातो.

मग ही पुस्तिका नंदुरबार जिल्ह्यातल्या मुंग्यांवर कशाला? माझं उत्तर असं की मला बारा महिने ओल्या जंगलातल्या मुंगीपेक्षा चार महिने ओल्या जंगलातली मुंगी जास्त रंजक वाटते. नकाशा समोर घ्या. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या मधून तापी वाहते. तिच्या काठाने शहादा-तळोद्याची काळी जमीन, केळी-पपईच्या बागा. उत्तरेला सातपुडा उभा राहतो आणि तोरणमाळपाशी हजार मीटरची उंची मागे टाकतो. पलीकडे अक्राणी-अक्कलकुव्याचे उतार थेट नर्मदेत उतरतात. दक्षिणेला नवापूरकडे सह्याद्रीची उत्तरेकडची शेवटची टोकं येऊन थांबतात. एका जिल्ह्यात बागायत, पानझडी जंगल, थंड माथा आणि नदीच्या दऱ्या. जंगल बहुतेक पानझडीच : साग, मोह, साल‍ई, धावडा, ऐन, तेंदू, बांबू. हिवाळा सरता सरता झाडं रिकामी होतात. सागाची ताटाएवढी पानं खाली पडून वाळतात आणि चालताना पायाखाली मोडत जातात. होळीपासून मृगापर्यंत हा थर हाताला कोरडा ठणठणीत लागतो. जूनच्या पावसाने तो बसतो, काळा पडतो, बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटतो, आणि श्रावणापर्यंत त्याच्या पोटात वेगळंच जग नांदू लागतं.

त्या जगातलं सगळ्यात भरघोस पीक म्हणजे स्प्रिंगटेल. भाद्रपदातला मूठभर ओला पाचोळा पांढऱ्या ताटात झटका. काही ठिपके पळतील, काही अचानक दिसेनासे होतील. दिसेनासे झालेले ते स्प्रिंगटेल. पाय सहा असले तरी आजचे शास्त्रज्ञ त्यांना खऱ्या कीटकांत धरत नाहीत. त्यांचा इतिहास फार जुना आहे : स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या खडकात सापडलेला त्यांचा जीवाश्म सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे. ते बुरशी खातात, सडकी पानं खातात, आणि चांगल्या जंगलात एका चौरस मीटरच्या माती-पाचोळ्यात हजारोंनी असतात. पोटाखाली दुमडलेली एक दुबेळकी दांडी असते, एका आकड्यात अडकवून ठेवलेली. धोका जाणवला की आकडा सुटतो, दांडी जमिनीवर आपटते आणि प्राणी स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट लांब फेकला जातो. कुठे पडेल हे त्यालाही ठाऊक नसतं, त्यामुळे शिकाऱ्याला ते ठाऊक असण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे अन्न मुबलक आहे, पौष्टिक आहे, पायाखाली आहे, आणि हाताला लागत नाही. स्ट्रुमिजेनिसच्या शरीरातली जवळपास प्रत्येक विचित्र गोष्ट या एका अडचणीवरचा तोडगा म्हणून वाचता येते.

ही शिकार पाहायची तर जंगलात नव्हे, प्लास्टर ऑफ पॅरिसचा तळ केलेल्या छोट्या डबीत, भिंगाखाली पाहावी लागते. तळ ओलसर ठेवायचा, वर काच. मुंगीला स्प्रिंगटेलचा वास लागला की ती आधी थांबते. मग जबडे उघडते. लांब जबड्यांच्या जातींत ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सरळ रेषेत फाकतात. वरचा ओठ त्या दोघांच्या बुडाशी येऊन खिट्टीचं काम करतो आणि जबडे उघड्या अवस्थेत पक्के होतात. त्या ओठावरून दोन लांब केस पुढे रोखलेले असतात. आता ती पावलं मोजत सरकते. एक पाय, थांबा. दुसरा पाय, थांबा. पाहणाऱ्याचा धीर सुटतो, तिचा सुटत नाही. ज्या क्षणी केसांची टोकं भक्ष्याला टेकतात त्या क्षणी ओठ मागे सरतो आणि जबडे मिटतात. मिटताना दिसत नाहीत. उघडे होते आणि मिटलेले आहेत एवढंच दिसतं. जर्मन संशोधक वुल्फिला ग्रोनेनबर्ग यांनी १९९६ मध्ये हे मोजलं तेव्हा सगळा प्रकार अडीच मिलिसेकंदांच्या आत आटोपत होता. आपली पापणी लवायलाही शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. पुढची हालचाल मला या सगळ्यात जास्त हुशारीची वाटते. कित्येक जातींची मुंगी भक्ष्य पकडताक्षणी उचलून हवेत धरते. दांडी सुटली तरी आपटायला जमीन नाही. मग पोट पुढे वाकवून नांगी मारायची, धडपड थांबेपर्यंत थांबायचं आणि घरचा रस्ता धरायचा.

स्नायू इतक्या वेगाने आखडूच शकत नाही, मग हा वेग येतो कुठून? सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीच्या वाचकाला हे समजावणं सोपं आहे, कारण तीरकामठा त्याने हाताळलेला असतो. कामठा ओढायला दंडाला वेळ लागतो, बाण सुटायला लागत नाही. दंडाने सावकाश घातलेली ताकद लाकडाच्या वाकण्यात साठते आणि बोट सुटलं की एका झटक्यात मोकळी होते. मुंगीच्या डोक्यात जबडे मिटवणारा स्नायू मोठा आणि संथ आहे. खिट्टी लागलेली असताना तो सावकाश आखडत जातो, ताकद साठते. खिट्टी काढणारा स्नायू छोटा आणि चपळ आहे. ताकद एकाची, चपळाई दुसऱ्याची. मुंग्यांमध्ये ही युक्ती अनेक कुळांना सुचली आहे. आपल्याकडेही सापडणाऱ्या ओडोंटोमॅकस या मोठ्या मुंगीचे जबडे तर याहून प्रसिद्ध आहेत. शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ओडोंटोमॅकस बाउरीच्या जबड्यांचा वेग सेकंदाला ३५ ते ६४ मीटर मोजला. ती मुंगी जबडे जमिनीवर आपटून स्वतःलाच हवेत उडवते. पण ओडोंटोमॅकसची खिट्टी जबड्याच्या सांध्यात आहे, स्ट्रुमिजेनिसची ओठात. दोन वेगळ्या घराण्यांनी एकाच प्रश्नाची वेगळी उत्तरं काढली.

सगळ्या स्ट्रुमिजेनिस मात्र अशा नाहीत. बऱ्याच जातींचे जबडे आखूड, दातेरी आणि पकडीच्या कामाचे असतात. त्यांना ना खिट्टी, ना झटका. त्या अंधारात अंगाला अंग लागेपर्यंत जवळ जातात, चावा धरतात आणि सोडत नाहीत. लांब जबड्याची आधी की आखूड जबड्याची, यावर गेल्या सत्तर वर्षांत मत पार उलटं झालं आहे. हा भाग मी पुस्तिकेत मुद्दाम सविस्तर दिला आहे, कारण शास्त्रात मत कसं बदलतं ते इथे स्वच्छ दिसतं. विल्यम ब्राउन हे या गटाचे विसाव्या शतकातले मोठे जाणकार. अलाबामात शिकणाऱ्या एका तरुणाला त्यांनीच पत्रांतून या मुंग्यांच्या नादी लावलं. तो तरुण म्हणजे पुढे जगभर गाजलेले एडवर्ड विल्सन. दोघांनी १९५९ मध्ये लिहिलेल्या लेखाचं म्हणणं असं होतं की पूर्वज लांब जबड्यांचे, उघड्यावर हिंडणारे, मिळेल ते मारणारे होते, आणि त्यांच्यातून हळूहळू लहान, आखूड जबड्यांच्या, पाचोळ्यात दडून फक्त स्प्रिंगटेलवर जगणाऱ्या मुंग्या घडल्या. मांडणी देखणी होती, पटणारीही होती. डग्लस बूहर, इव्हान इकॉनॉमो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जनुकं आणि जबडे दोन्ही ताडून पाहिले तेव्हा बाण उलट्या दिशेने निघाला. मूळ पूर्वज आखूड जबड्याचा, पकडणारा. झटक्याचे जबडे त्याच्यानंतर आले, आणि एकदा नव्हे, एकाच प्रजातीत सात ते दहा वेळा स्वतंत्रपणे. निसर्गात एखादी गुंतागुंतीची रचना पुन्हा पुन्हा कशी उभी राहते हे तपासायला एवढी उघडी प्रयोगशाळा क्वचितच मिळते. बूहर यांच्या कामातली दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे : सुरुवातीचा बदल फार लहान असतो. ओठ आणि जबड्याच्या बुडाची जुळणी थोडी हलली की खिट्टी लागते. जबड्यांची लांबी आणि आकारांची चैन नंतर येते.

नावांच्या भांडणाबद्दल थोडंच लिहितो. आखूड जबड्याच्या जाती कितीतरी वर्षं पिरॅमिका आणि इतर प्रजातींत घातलेल्या होत्या. बॅरी बोल्टन यांनी २००० साली हजारावर पानांचा ग्रंथ लिहून या गटाची शिस्त लावली; २००७ मध्ये सेझारे बारोनी उर्बानी आणि मारिया दे आंद्रादे यांनी पिरॅमिका स्ट्रुमिजेनिसमध्येच विलीन केली. जुन्या लेखात पिरॅमिका हे नाव दिसलं तर घाबरून जाऊ नये. नातेसंबंधांत मला चकित करणारी गोष्ट वेगळीच आहे. दक्षिण अमेरिकेत पानं कापून नेऊन त्यांच्यावर बुरशीची शेती करणाऱ्या ज्या मुंग्या आहेत, त्या आणि आपली स्ट्रुमिजेनिस आज एकाच गणगोतात, अट्टिनी या गटात धरल्या जातात. एका शाखेने बुरशी पिकवली, दुसरीने बुरशी खाणाऱ्याला खाल्लं.

भिंगाखाली ओळख पटवायला जबड्यांपेक्षा कमर जास्त उपयोगी. सगळ्या मुंग्यांना छाती आणि पोट यांच्यामध्ये गाठी असतात. स्ट्रुमिजेनिसच्या दोन गाठींभोवती बहुतेक जातींत पांढुरका, सच्छिद्र असा भाग लोंबत असतो. तो एकदा पाहिला की ही मुंगी दुसऱ्या कुणाशी चुकत नाही. डोकं मागे रुंद, पुढे निमुळतं. मिशांचे सांधे मोजा : मुंग्यांत ते सहसा बारा असतात, इथे चार ते सहा. अंगावरचे केसही नेहमीचे नाहीत. कुठे चमच्यासारखे पसरट, कुठे गोल चकत्यांसारखे, कुठे चाबकासारखे लांब. जात ठरवताना यांच्यावरच सगळी भिस्त असते. वसाहत लहान, काही डझन ते काहीशे कामकरी. घर म्हणजे कुजलेली काडी, दगडाखालची फट, पोकळ बी. एक ऑस्ट्रेलियन जात, स्ट्रुमिजेनिस झेनॉस, स्वतःचे कामकरी ठेवतच नाही. दुसऱ्या जातीच्या घरात राहते आणि त्यांच्याकडून पोसून घेते. पश्चिम आफ्रिकेत एक जात मोठ्या प्लॅटिथिरिया मुंग्यांच्या पोकळ फांदीत शेजारधर्माने राहते. आकार पाहता धीटपणाच म्हणायचा.

मुंग्यांच्या अभ्यासाशी महाराष्ट्राचा संबंध पुण्यातल्या एका वनाधिकाऱ्यामार्फत आला, असं म्हणायला हरकत नाही. रॉबर्ट चार्ल्स राउटन मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे आजच्या बीएनएचएसच्या नियतकालिकात त्यांनी १८९२ मध्ये ‘अवर अँट्स’ ही लेखमाला लिहिली. ते मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडच्या ऑगस्ट फोरेल यांना पाठवत. फोरेल व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ, छंदाने मुंग्यांचे. पुण्याहून गेलेल्या एका मुंगीला त्यांनी १८९० मध्ये राउटनचंच नाव दिलं. आज ती कार्डिओकॉन्डायला राउटनी म्हणून ओळखली जाते. (हेच फोरेल पुढे स्वित्झर्लंडच्या हजार फ्रँकच्या नोटेवर आले, आणि नोटेच्या मागच्या बाजूला मुंग्या.) चार्ल्स टॉमस बिंगम यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मुंग्यांवरचा खंड १९०३ मध्ये निघाला, तोही अशाच कामाच्या पायावर. पगार एका कामाचा आणि जीव दुसऱ्या कामात, अशा माणसांनी हा विषय इथे उभा केला. धडगावच्या शाळेतल्या किंवा तळोद्याच्या कॉलेजातल्या शिक्षकाने यातून हवा तो अर्थ घ्यावा.

नंदुरबारमध्ये शोधाला निघणाऱ्याने तोरणमाळचा माथा गाठायच्या आधी पपईच्या बागेत वाकून पाहावं, असं मी सुचवीन. स्ट्रुमिजेनिसच्या काही जाती माणसाबरोबर जगभर फिरल्या आहेत : कुंडीतल्या मातीतून, रोपांच्या गठ्ठ्यांतून, जहाजांतून. स्ट्रुमिजेनिस मेम्ब्रानिफेरा ही त्यांतली सराईत. इटालियन संशोधक कार्लो एमेरी यांनी १८६९ मध्ये इटलीतून तिचं वर्णन केलं, आणि आज ती उष्ण प्रदेशांत सर्वदूर आहे. तिला दाट जंगल लागत नाही. शेत, बाग, कुरण चालतं. शिवाय तिच्या राणीला नराची गरज नाही. मीलन न होताच ती माद्यांना जन्म देते. म्हणजे कुंडीतून एक राणी आली तरी वसाहत सुरू. स्ट्रुमिजेनिस एमी आणि स्ट्रुमिजेनिस रॉजरी याही अशाच प्रवासी. रॉजरी तर इंग्लंडच्या तापवलेल्या काचघरांत जाऊन राहिली. केळीची, पपईची रोपं आज दूरच्या रोपवाटिकांतून येतात. त्यांच्या मुळांभोवतीच्या मातीत काय काय उतरतं हे पाहणं, हा एखाद्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल असा विषय आहे आणि त्याला डोंगर चढायची गरज नाही.

डोंगरावरचा प्रश्न वेगळा आणि जुना आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक राहिलेले सुंदरलाल होरा यांनी १९४९ च्या सुमारास एक कल्पना मांडली : ईशान्य हिमालयातले, मलायाकडचे ओल्या हवेचे प्राणी विंध्य-सातपुड्याच्या रांगेने पश्चिमेला सरकत सह्याद्रीपर्यंत पोचले असावेत. वेगवान ओढ्यांतले मासे हा त्यांचा पुरावा होता. ही सातपुडा कल्पना पुढे अनेकांनी खोडून काढायचा प्रयत्न केला, आणि मासे हे तिचे एकमेव साक्षीदार राहिले तर ती लंगडीच राहणार. पाचोळ्यातली मुंगी मला अधिक चांगली साक्षीदार वाटते. तिच्या राणीला पंख असतात, पण ते नवं घर शोधण्यापुरते. कोरडं मैदान ओलांडून पलीकडे वस्ती करणं तिला सोपं नाही. सातपुड्याचं पश्चिम टोक आणि सह्याद्रीचं उत्तर टोक या जिल्ह्यात समोरासमोर येतात, मध्ये तापीचं खोरं. दोन्हीकडच्या घळींत, उन्हाळ्यातही जिथे ओल टिकते तिथे, एकाच जातीच्या मुंग्या निघतात की वेगळ्या, हे पाहण्यासारखं आहे. नर्मदेकडच्या उतारांचा खालचा पट्टा मात्र आता तपासता येणार नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती सगळी अक्राणी-अक्कलकुव्यातली. माणसांचं काय झालं हे निदान लिहिलं गेलं. त्या उतारावरच्या पाचोळ्याचं लिहायला कुणी नव्हतं.

पाचोळ्याचं बोलायचं तर आगीचं बोलावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये मोह टपटपतो. पहाटे टोपल्या घेऊन गेलेल्या बाईला वाळल्या पानांत फुलं दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा झाडून बाजूला करतात किंवा पेटवतात. कधी ती आग पसरते. शहरातून येणारा निसर्गप्रेमी इथे लगेच बोट दाखवतो. मला तो उतावळेपणा वाटतो. मोह हे या घरांचं रोख उत्पन्न आहे, आणि एका झाडाखालची आग व डोंगरभर फिरलेली आग यांत फरक आहे. मुंगीच्या बाजूने पाहिलं तर जमिनीवरून झरझर गेलेल्या आगीत वरचा थर जातो, मातीत थोडं खाली मात्र उष्णता फारशी पोचत नाही. मातीत घर करणाऱ्या जाती वाचू शकतात, काडीत घर करणाऱ्या नाही. खरी कुचंबणा नंतर होते. पाचोळा नाही म्हणून बुरशी नाही, बुरशी नाही म्हणून स्प्रिंगटेल नाहीत, आणि ज्या शिकारणीचं सगळं शरीर या एका भक्ष्यासाठी घडलेलं आहे तिला वाट पाहण्याशिवाय गत्यंतर नाही. मध्य भारतात काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलायचे प्रयोग झाले आहेत. फुलं स्वच्छ मिळतात, पेटवावं लागत नाही. इथे दरवर्षी पेटणाऱ्या आणि न पेटणाऱ्या झाडांखालचा पाचोळा शेजारी शेजारी चाळला, तर शंका निरसायला फार उपकरणं लागणार नाहीत.

उपकरणांचं बोलायचं तर सगळ्यात चांगलं यंत्र विजेशिवाय चालतं, आणि भारनियमनाच्या गावाला याहून मोठी सोय कुठली? त्याला विंकलर पिशवी म्हणतात. एक चौरस मीटर जागेतला पाचोळा वरच्या मातीसकट गोळा करायचा, साधारण एक सेंटिमीटर भोकांच्या जाळीतून चाळायचा आणि चाळून खाली पडलेला चुरा जाळीच्या छोट्या पिशवीत भरायचा. ती पिशवी मोठ्या कापडी पिशवीत टांगायची, वरून तोंड बांधायचं, खाली अल्कोहोलची बाटली. चुरा वाळत जातो तसे जीव अस्वस्थ होऊन हालचाल करतात, जाळीतून बाहेर पडतात आणि बाटलीत येतात. जगभर मान्य झालेल्या पद्धतीत २०० मीटरच्या रेषेवर दर १० मीटरला असे २० नमुने घेतात आणि पिशव्या ४८ तास टांगतात. पिशवी गावातला शिंपी शिवून देतो. वीज असेल तर बर्लीझचं नरसाळंही चालतं : वर दिवा, मध्ये जाळीवर पाचोळा, खाली बाटली. अंतोनियो बर्लीझ या इटालियन शास्त्रज्ञाचं हे १९०५ चं साधन. दिव्याची भर नंतर पडली. हातात वेळच वेळ असेल तर घरचं सूप, पांढरं कापड आणि दहापट भिंग एवढ्यानेही सुरुवात होते. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. वनक्षेत्रातून पाचोळा उचलण्याआधी वनविभागाची परवानगी घ्यावी आणि ग्रामसभेला कल्पना द्यावी. जागा त्यांची आहे, आणि कुठल्या घळीत वैशाखातही पान ओलं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचावीत. चित्रांची किल्ली तिसऱ्या प्रकरणात आहे, पण तिच्याकडे वळण्याआधी तीन गोष्टी नोंदवून ठेवाव्यात : मिशांचे सांधे किती, जबडा लांब की आखूड, कमरेभोवतीचा सच्छिद्र भाग कुठवर पसरलेला आहे. या तीन उत्तरांनी निम्म्याहून जास्त चुका टळतात. जातीचं नाव घाईने ठरवू नये. ‘स्ट्रुमिजेनिस, जात १’ असं प्रामाणिक लेबल चुकीच्या लॅटिन नावापेक्षा पुढच्या अभ्यासकाच्या जास्त कामाला येतं. लेबल बाटलीच्या आत टाकावं, बाहेर चिकटवू नये. त्यावर गाव, तालुका, जागेची उंची, तारीख, कोणत्या झाडाखालचा पाचोळा आणि गोळा करणाऱ्याचं नाव असावं. हे सगळं शिसपेन्सिलीने लिहावं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.